आमच्याकडे दोनपर्यंत दिवा असतो

पौषातल्या थंडीत रात्री दोनच्या सुमाराला वाईपासून जतपर्यंत एक फेरी मारली, तर जागी माणसं मोजकीच सापडतील. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळालेला शेतकरी डोक्याला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन उसाला पाण्याची दारं धरत असतो. साखर कारखान्यात तिसऱ्या पाळीचा कामगार गव्हाणीपाशी उभा असतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला स्वतःला झोप लागू नये म्हणून मोठ्ठ्यांदा गाणी लावतो आणि वाटेवरच्या सगळ्या गावांची झोप घालवत कारखान्याकडे जातो. चौथा असतो बारावीचा विद्यार्थी. पहिल्या तिघांना विचारलंत तर ते सरळ सांगतील, ‘पोटासाठी जागतोय सायेब, सुटका झाली तर हितंच आडवं हुईन.’ त्यांच्या जागण्याचं घरात कुणी कौतुक करत नाही. चौथ्याची आई मात्र सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांना अभिमानाने सांगते, ‘आमच्याकडे दोनपर्यंत दिवा असतो!’

ती ‘अभ्यास असतो’ म्हणत नाही, हे लक्षात घ्या. बायका खोटं बोलत नाहीत. दिवा असतो.

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा हंगाम नेमका बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येतो. गेल्या वर्षी मी सांगलीला विश्रामबागेत ताईकडे होतो. बाहेर हळदीकुंकू चाललेलं आणि मी आतल्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसलेलो. त्या दिवशी घरातल्या पुरुषाला तेवढीच जागा असते. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि सांगलीतच शोभेल असा सौदा सुरू झाला. फक्त हळदीचा नव्हता.

‘आमचा बारापर्यंत बसतो बाई.’

‘बाराच? आमची एकपर्यंत. मग मीच ओरडते, झोप म्हणून.’

‘आमच्याकडे दोनपर्यंत दिवा असतो,’ ताईने बोली वाढवली.

‘आमची तीनला झोपते आणि पाचला उठते,’ कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. तिची मुलगी नीटची रिपीटर होती. तिथे सौदा तुटला, पुढे बोली गेली नाही. एवढ्यात साताऱ्याहून नुकत्याच बदलून आलेल्या एका बाईंनी भोळेपणाने सांगून टाकलं, ‘आमची दहाला झोपते. सहाला उठते.’

खोलीत शांतता पसरली. मग एका वडीलधाऱ्या बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवल्याचा आवाज आला, निदान मला तरी तसा ऐकू आला. ‘असू दे. अजून महिना आहे. लागेल वळण.’ त्या मुलीला सराव परीक्षेत किती मार्क पडले हे कुणी विचारलं नाही. मार्क हा वेगळा विषय आहे. तो निकालाच्या दिवशी निघतो.

या रोगाचं मूळ जुनं आहे. आदर्श विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणारं एक संस्कृत सुभाषित आपण सगळ्यांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेलं आहे. त्यात विद्यार्थ्याला कावळ्याची धडपड, बगळ्याचं ध्यान आणि कुत्र्याची झोप नेमून दिली आहे. सुभाषितकाराने पहिले दोन पक्षी नीट पाहिले असावेत, कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याने घाई केली. कुत्रा चोवीस तासांतले निम्मे तरी झोपून काढतो. आमच्या गल्लीतला रात्री भुंकतो तो इतरांना झोप लागू नये म्हणून. स्वतःची तो दुसऱ्या दिवशी रिक्षाखाली व्याजासकट वसूल करतो. सुभाषित अक्षरशः पाळायचं ठरवलं, तर पोरांना बारा तास झोपू द्यावं लागेल. एवढं काही मी मागत नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आठ ते दहा तास सांगितले. म्हणजे साताऱ्याच्या त्या बाईंची मुलगी काठावर पास झाली, एवढंच.

आमच्या मातीलाच जागरणाचा गुण आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि सांगली नाट्यपंढरी झाली. पुढे संगीत नाटकं आली, एकेका पदाला वन्स मोअर पडू लागले आणि रात्री जेवून नाटकाला गेलेला माणूस पहाटे दूध घेऊनच घरी येऊ लागला. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं चालतं, ते ऐकायला बसलेल्याने घड्याळ बघणं हा कमीपणा समजतात. साताऱ्याकडे पालीचा खंडोबा. त्याच्या भक्तीचं नावच मुळी जागरण. कोजागिरीला तर लक्ष्मी स्वतः वरून हजेरी घेत फिरते. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. महसूल, पोलीस, कोर्टकचेऱ्या, सगळ्यांच्या वाटण्या झाल्या. जागरण तेवढं दोन्हीकडे सामाईक राहिलं.

झोपेचा म्हणून सण एकच, आषाढी. त्या दिवशी देव झोपतो. लोणंद-फलटणच्या वाटेने माउलींची पालखी पंढरपूरला पोचते, चंद्रभागेला माणसांचा पूर येतो, आणि हा क्षीरसागरात जो आडवा होतो तो चार महिन्यांनी कार्तिकीलाच उठतो. त्या चार महिन्यांत त्याच्या खोलीत डोकावून ‘अरे, यंदा बारावी आहे, आठवण आहे ना?’ असं विचारायची कुणाची हिंमत नाही.

त्या हळदीकुंकवाच्या रात्री माझी गादी भाच्याच्याच खोलीत घातली होती. त्यामुळे दोनपर्यंतचा तो दिवा मला जवळून बघता आला. दहा वाजता भाच्याने टेबल आवरलं. मग तो वेळापत्रक करायला बसला. जुनं होतं, पण त्यात रविवार हिरव्या रंगात होता आणि त्याला तो आता केशरी हवा होता. पट्टी घेऊन रकाने आखले. ‘पहाटे ४ ते ५.३० सेंद्रिय रसायन’ हे त्याने अशा सुबक अक्षरात लिहिलं की वाचूनच मला थकवा आला. अकराच्या आसपास ताई चहा ठेवून गेली. सव्वाअकराला त्याने ‘डाउट विचारायचाय’ म्हणून मोबाईल घेतला. मित्र जागाच होता. मित्राने पेटलेल्या टेबललॅम्पचा फोटो पाठवला. याने आपल्या लॅम्पचा पाठवला. डाउट तसाच राहिला. दोघं एकमेकांना आपण जागे असल्याचे पुरावे पाठवत होते. साडेबारापर्यंत तो, टॉपर रात्री कसा अभ्यास करतात, याचे व्हिडिओ बघत होता. त्यातला एक टॉपर लवकर झोपा असं सांगत होता, तो याने पुढे ढकलला. पुस्तकाचं पान दहा वाजता जे उघडलं होतं तेच होतं. दीडला त्याचं डोकं पुस्तकावर टेकलं. दोनला दाजी आले, दिवा बघून समाधानाने मान हलवली, पोराच्या अंगावर शाल टाकली आणि दिवा घालवून गेले.

पहाटे चारला गजर झाला. मोबाईल उशाखाली असल्यामुळे तो पलंगासकट वाजला. मी उठून बसलो. बाहेरच्या खोलीत भाच्याची आजी उठली आणि ‘पांडुरंग, पांडुरंग’ म्हणत मोरीकडे गेली. शेजारच्यांनी भिंतीवर दोनदा वाजवलं. दाजी खोकले. भाच्याने डोळे न उघडता अंगठा बरोबर त्या जागी दाबला आणि कूस बदलली. सेंद्रिय रसायनाच्या वेळेला घरात तेवढा तोच झोपलेला होता.

यात पोराचा दोष अर्धाच आहे. वयात येताना शरीरातलं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. आजीला नवाला जांभया येतात तेव्हा नातवाच्या मेंदूत संध्याकाळ असते. हे घड्याळ पेशीपेशीत असतं. फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीत त्याचा शोध घेणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. माशीलासुद्धा झोपेची वेळ ठरलेली आहे म्हणायची. अंधार पडला की आपल्या मेंदूतून मेलाटोनिन झरू लागतं आणि झोपेची वर्दी देतं. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मोबाईलचा उजेड असला की मेंदू वर्दी परत घेतो.

राहिला चहा. दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येऊ लागते. कॅफीनचा आकार त्याच्याशी इतका मिळताजुळता की ते त्याच जागांवर जाऊन बसतं. सांगली-सातारा एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं. ॲडेनोसिन बिचारं दारात उभं राहतं, पण गाडीतून उतरत नाही. गर्दी वाढतच जाते. अकराच्या चहातलं निम्मं कॅफीन पहाटे चारलाही अंगात असतं, आणि रुमालवाला उतरला की सगळी गर्दी एकदम आत घुसते. ती वेळ साधारण पहिल्या तासाची असते. भौतिकशास्त्राच्या.

पहिला तास म्हणजे सकाळी साडेसहाचा क्लास. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्याला किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर थंडीत त्या वेळी उभं राहून पाहावं. तोंडाला स्कार्फ बांधलेली ती सगळी मुलं गाडीवर बसून निघालेली असतात, पण त्यांतली निम्मी अजून घरीच असतात. सरकारला याची जाणीवच नाही असं म्हणता यायचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं. त्यावर ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. चांगला निर्णय आहे, मनापासून सांगतो. चौथीपर्यंत शासन झोपेची काळजी घेतं. पाचवीपासून ज्याने त्याने आपली आपण बघावी. ज्या वयात घड्याळ पुढे सरकतं, त्याच वयात शाळा मागे सरकते.

झोप येत नाही म्हटल्यावर उपाय सांगणाऱ्यांना तर उधाण येतं. आजी दुधात जायफळ उगाळते. काकू काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा म्हणते. चोळायला कोण बसणार यावर तिचं आणि काकांचं वाजतं. दाजींच्या ऑफिसातले एक जण, पहाटे एखादा डोंगर चढून या, झोप आपोआप येईल म्हणाले. ती खरंच येते, पण तिसऱ्या तासाला. भाच्याने स्वतः शोधलेला उपाय म्हणजे पावसाच्या आवाजाचं ॲप. कानात बोंडं घालून तो कुठल्यातरी परदेशी जंगलातला पाऊस ऐकत झोपायचा. हे कळल्यावर आमचे पाटणचे मामा हसून हसून खोकले. त्यांच्या घरावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्र्यावर जो पाऊस वाजतो, त्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कोयनेच्या खोऱ्यातली पोरं त्या आवाजात ढाराढूर झोपतात, तेही फुकट.

पण हा उपाय सांगलीत चालत नाही, आणि ही गोष्ट त्या परदेशी ॲपवाल्यांना ठाऊक नसणार. कृष्णाकाठच्या माणसाला रात्री पावसाचा आवाज आला की तो उठून बसतो. कोयनेचे दरवाजे किती उचलले, आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं, हे मोबाईलवर बघत राहतो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची, हे सांगलीतल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वर्षी माळ्यावर पुस्तकं, खाली पाणी आणि मधल्या जिन्यात अख्खं कुटुंब अशा रात्री ज्यांनी काढल्या, त्यांना पावसाचा आवाज ऐकवून झोपवायला जाणं म्हणजे कमालच आहे. पाटणचा पाऊस पाटणलाच झोपेचा असतो. तोच खाली सांगलीला येईपर्यंत जागरणाचा होतो.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. ‘आम्ही कंदिलावर अभ्यास केला,’ हे त्यांचं वाक्य ऐकून आम्ही लहानपणी शरमेने माना खाली घातल्या. आता विचार केल्यावर कळतं की खरी मेख त्या कंदिलातच होती. रॉकेल रेशनवर. नऊ वाजले की आजोबांची आई आतून ओरडायची, ‘घालव ती बत्ती! राकेल काय आभाळातनं पडतंय?’ की अभ्यास बंद, पोरं आडवी. आजोबांना ज्ञानाची तळमळ होती यात शंका नाही, पण तिला रात्री नवाची मर्यादा होती, आणि ती मर्यादा पणजीने पाळून घेतली. आजोबा ही गोष्ट अर्धीच सांगतात.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग ठेवलं गेलं. धनिणीच्या बागेतल्या त्या पोरांना ‘कमवा आणि शिका’ होतं. स्वयंपाक आपला आपण, कष्टाची कामं आपली आपण, आणि वर शिक्षण. ताण काही कमी नसणार. घरी परत जावं तर तिथे खायला नाही, हा ताण नीटच्या कटऑफपेक्षा हलका म्हणता येणार नाही. पण दिवसभर अंगमेहनत केलेल्या पोराला ‘झोप येत नाही’ असं सांगायला जागं राहावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. आज आम्ही पोराला म्हणतो, तू फक्त अभ्यास कर, बाकी कशाला हात लावू नकोस. तो हात लावत नाही. संध्याकाळी त्याचं डोकं दमलेलं असतं आणि हातपाय नुकतेच उठलेले असतात.

साताऱ्यातच देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली. सगळ्या पट्ट्यात झोप हा हुकूम असलेली जागा मला तेवढीच दिसते. ठरल्या वेळेला दिवे बंद. कॅडेटने त्यानंतर दिवा लावला तर त्याची आई शेजारणींना अभिमानाने सांगू शकत नाही, शिक्षा होते. गंमत बघा, देशासाठी रात्र रात्र जागायला जाणारी पोरं वेळेवर झोपतात, आणि आमचा भाचा संगणक अभियंता व्हायचंय म्हणून आधीच सीमेवर.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने मात्र याचं एक टोक पकडलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाईल आले, शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तो वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघर फिरले. देशभरातले आणि परदेशातलेही वार्ताहर येऊन गेले. अभ्यासाचा प्रश्न गावाने सोडवला. एकमेकांशी दीड तास काय बोलायचं, हा मोठ्यांचा प्रश्न नवा तयार झाला, पण तो त्यांचा त्यांना.

माझी एक नम्र सूचना आहे. तिसरा भोंगा रात्री साडेदहाला असावा, झोपेचा. ही कल्पना मी एका मास्तर मित्राला ऐकवली. तो म्हणाला, ‘भोंगा वाजवून लोकांना झोपवणार? झोपलेले उठून बसतील की लेका!’ मी म्हणालो, उठू देत, निदान कोण जागं आहे हे तरी कळेल. यावर त्याने मला झोपायला सांगितलं.

या सगळ्या गोंधळात एक उपाय मला खरोखर पटला, आणि तो आपल्याकडे आधीपासून होता. अमेरिकेत बेलर विद्यापीठात काही तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी आधीच्या दिवसांत उरकलेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. २०१८ साली निकाल छापून आला: पुढची कामं लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली. कागदावर गेलेलं काम डोक्यात घिरट्या घालत नाही. आमच्या दाजींचे थोरले भाऊ तासगावकडे शेती करतात. रात्री जेवून हात धुतले की ओसरीवर बसून ते कुणालाही उद्देशून नव्हे असं बोलतात, ‘उद्या खालच्या पट्टीला पाणी. परवा बागेला औषध. मोटारीचा फ्यूज बघाय पायजे. सोसायटीत जाऊन याय पायजे.’ आणि शेवटचं वाक्य संपायच्या आत ते घोरू लागतात. त्यांच्यावर कर्ज आहे, द्राक्षं घडात आली असताना आभाळ भरून येतं, दर कुणाच्या हातात नाही. पण यादी ओसरीवर मांडून ते आत झोपायला जातात. यादी बाहेर, माणूस आत. भाच्याची यादी तीन रंगांत भिंतीवर आहे आणि चौथी प्रत डोक्यात.

त्याला मी हे सांगितलं. सुरुवातीला ‘मामा, तुला नाही कळणार, पर्सेंटाइल असतं’ असं म्हणाला. मग एका रात्री वही घेऊन बसला. उद्याची कामं लिहिली, मोबाईल आपण होऊन आजीच्या खोलीत ठेवून आला. आजी त्यावर कीर्तन ऐकते, त्यामुळे परत मिळायची सोय नव्हती. अकराला दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला घरात सुतकी वातावरण. ताईने मला बाजूला घेतलं. ‘दादा, तू काय सांगितलंस त्याला? अकरालाच झोपला रे. परीक्षा जवळ आली आणि याने धीर सोडला वाटतं.’ समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनीही फोन करून ‘काल लवकर अंधार होता, सगळं ठीक ना?’ म्हणून चौकशी केली होती.

खरं सांगायचं तर पोराला झोपवणं सोपं निघालं. घराला झोपवणं अवघड. फेब्रुवारीत त्याचा पहिला पेपर होता, त्याच्या आदल्या रात्री भाच्याने बॅग भरली, हॉल तिकीट वर ठेवलं, दोन पेनं चालवून पाहिली आणि दहाला अंथरुणावर पडून दहा मिनिटांत घोरायला लागला. बाकीच्यांच्या डोळ्याला डोळा नाही. आजी जप करत होती. ताई देवापुढचा दिवा शांत होऊ नये म्हणून बसली होती. दाजी येरझाऱ्या घालत होते, आणि दर थोड्या वेळाने चवड्यांवर चालत भाच्याच्या खोलीचं दार किलकिलं करत होते. साडेबाराला त्यांना राहवलं नाही. आत गेले, वाकले आणि हळूच विचारलं, ‘झोप लागली का रे?’

‘लागली होती, बाबा.’

‘चांगलं झालं. झोप हवीच.’ दाजी दारापर्यंत आले, थांबले, परत वळले. ‘आता जागा झालाच आहेस, तर ते व्याकरण एकदा नजरेखालून घालतोस का?’